फितीतली बोटं

माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. कीबोर्डच्या एका कळीवर मी ते बसवून ठेवलं होतं. कळ दाबली की आख्खा परिच्छेद आपोआप उमटायचा. मजकूर साधारण असा: प्रश्न विचारण्याआधी नियम वाचा. आवृत्ती क्रमांक, संगणकाची माहिती, मापांची फाइल, काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे सगळं दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. शेवटी 'धन्यवाद' होतं. ते मी कोणत्या सुरात लिहिलंय हे वाचणाऱ्याला बरोबर कळायचं.

मी अमरावतीत घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रामिंग करते, त्यावर पोट भरतं. उरलेल्या वेळात एका मुक्त सॉफ्टवेअरचं काम करते, त्यावर अहंकार पोसला जातो. मुक्त म्हणजे कुणीही फुकट वापरावं, आत उघडून पाहावं, पटलं नाही तर बदलावं. आमचं सॉफ्टवेअर कपड्यांचे फर्मे काढतं. माणसाची मापं भरली की छाती, बाही, गळा असे सगळे आकार कागदावर छापून मिळतात. ते कापडावर ठेवायचे, खडूने आखायचे आणि कापायचं. देशोदेशीची दहा-पंधरा माणसं मिळून आम्ही हे बिनपगारी चालवतो. एकमेकांना कधी भेटलेलो नाही, आणि भेटलो तर बहुतेक भांडू.

आता एक कबुली. मला शिवता येत नाही. कुर्त्याचं बटण तुटलं तर आई लावून देते. मी या कामात शिरले ती मुंढ्याच्या गोलाईपायी. खांद्यापासून काखेपर्यंत शिंपी जे वळण कापतात तो मुंढा. त्याचं गणित मला इतकं आवडलं की मी तिथेच मुक्काम ठोकला. कपड्यात सैलपणा किती ठेवायचा, तो ठरवणारा भागही मीच लिहिला. तुम्ही फक्त अंगाचं नेमकं माप द्या, श्वास घ्यायला आणि हात हलवायला लागणारी जास्तीची जागा सॉफ्टवेअर स्वतः मिळवेल, अशी सोय. तिचा मला भारी गर्व होता. मी स्वतः मात्र तयार कुर्ते घेते आणि बाह्या लांब झाल्या तर दुमडते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

या सॉफ्टवेअरचा एक मदतीचा फलक आहे. अडलेला माणूस तिथे येऊन प्रश्न लिहितो आणि ज्याला सवड असेल तो उत्तर देतो. सवड कुणालाच नसते, म्हणून मी देत असे. वडील वकील होते. अशिलाने दारात पाय ठेवला की 'कागद आणले का?' हा त्यांचा पहिला प्रश्न. तो गुण माझ्यात उतरला, त्यांची वकिली काही उतरली नाही. शिवाय खरं सांगते, त्या फलकावर बसून माणूस कावतो. 'चालत नाही, मदत करा' एवढंच लिहिणारे इतके येतात की वाटतं, विचारावं, काय चालत नाही? पंखा? बैल? फुकट काम करणाऱ्याचा वेळही वेळच असतो.

तर एका बुधवारी सकाळी फलकावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं. "नमस्कार. मी अकोल्याहून. कपडा ढिल्ला होऊन राहिला. सहा अ‍ॅप्रन वाया गेले. माप बराबर आहे. काय चुकून राहिलं सांगा. सोमवारपर्यंत पायजे."

आपल्याकडचं माणूस, आपली बोली. जगभरच्या त्या फलकावर 'होऊन राहिला' वाचून मला क्षणभर गोड वाटलं. मग मी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. "माफ करा. नियम इंग्लिशमध्ये आहेत. वाचून राहिली. वेळ लागेल."

मी ते वाचलं आणि चहा करायला उठले. काहीतरी टोचलं होतं, पण नेमकं काय ते मला शोधायचं नव्हतं.

शुक्रवारी तिने आख्खा फॉर्म भरून पाठवला. आमच्या फॉर्ममध्ये इतके रकाने आहेत की ते पूर्ण भरणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी स्वतःही भरत नाही. तिने भरले होते. आवृत्ती क्रमांक बिनचूक. संगणकाची माहिती म्हणून कंपनीचं नाव, खरेदीचं वर्ष आणि 'भाच्याचा जुना' असं. तुम्ही काय काय केलं ते क्रमाने लिहा, या रकान्यात: "आधी पोरीले सामने उभं केलं. मंग फीत घेतली. मंग छाती, कंबर, सीट, तिरा, बाही, उंची. मंग कंप्युटरमध्ये टाकलं. मंग कागद काढले, चिपकवले, कापलं, शिवलं." काय अपेक्षित होतं? "पोरी चांगल्या दिसतील." प्रत्यक्षात काय झालं? "नाही दिसल्या. गाऊन घालून आल्यासारख्या दिसल्या."

मी हसले. मग शेवटच्या रकान्यात आले. तिथे 'आणखी काही सांगायचं आहे का' असं असतं आणि लोक तो रकाना कोरा सोडतात. तिने लिहिलं होतं की त्यांचं शिवणाचं दुकान तिच्या वडिलांचं. ते फर्म्याबिर्म्याशिवाय थेट कापडावर कापायचे. आता त्यांचे हात थरथरतात. तिला शिलाई सगळी येते, पण कटिंग ती शिकली नाही, म्हणून हा संगणक. नर्सिंग कॉलेजच्या चाळीस मुलींचे अ‍ॅप्रन, म्हणजे ते गुडघ्यापर्यंतचे पांढरे कोट, दुकानाकडे आलेत. तीन आठवड्यांनी मुली दिवा लावून शपथ घेणार, तेव्हा घालायला. पहिले सहा ढगळ झाले. सोमवारी एक तरी अंगाला बरोबर बसणारा दाखवला नाही तर काम जाईल. "मंग आमच्याकडे फक्त चेन बदलणं आन् आल्टर राहील. कैची बंद."

मग मात्र मी झडझडून कामाला लागले. तिची फाइल उघडली. मापं सगळी शहाण्यासारखी होती. उंचीच्या जागी छाती नाही, इंचाच्या जागी सेंटिमीटर नाही. कागद छापताना आकार वाढतो का, हे पाहायला एक छोटा चौकोन छापून मोजतात. तो तिने मोजून पाठवला, अगदी बरोबर होता. सॉफ्टवेअरमध्ये चूक नव्हती, छपाईत नव्हती, फाइलमध्ये नव्हती. तेव्हा मी शनिवारी लिहिलं, "तुमचं माप घेण्यातच काहीतरी चुकतंय. थोडं वाढतं घेता का?" मला माझे शाळेचे गणवेश आठवत होते. आई शिंप्याला दरवर्षी 'वाढत्या अंगाचा शिवा' म्हणून सांगायची आणि मी वाढण्याआधीच ते फाटायचे.

तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. "अब्बांनी शिकवलं तसंच माप घेते. आमचं माप चुकत नाही. नर्सिंगच्या पोरी काही वाढत्या अंगाच्या नाहीत मॅडम."

माझं डोकं तापलं. माझं बोट त्या कळीकडे गेलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "कोणाले झापून राहिली वं?" आई संत्री सोलत उभी होती. मी टंकताना कीबोर्ड आपटला की ती येते. शेजारी भांडण झालं की गॅलरीत जाते, तशीच.

"झापत नाही. नियम सांगतेय."

"काय केलं तिनं?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं. बुधवारचं, माझं तयार उत्तर, तिची माफी, तो फॉर्म. आई 'पोरी चांगल्या दिसतील'पाशी थांबली आणि संत्र्याची फोड हातातच राहिली.

"सोमवारी काम आहे तिचं, आन् तीन दिवस तू तिच्याकडून फॉर्म भरून घेतला?"

"आई, आम्ही हे फुकट करतो."

"मंग कर ना बंद. कोणी सांगितलं लावाले? पाणपोई लावायची आन् येणाऱ्याले इचारायचं, तहान कोणत्या नमुन्यात लागली? फॉर्म भर, मंग पेला देते." तिने फोड तोंडात टाकली. "आन् अकोला काय लंडनले आहे? जाऊन पाह्य ना."

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. मी तिला म्हणाले की जगात कुणी सॉफ्टवेअरच्या प्रश्नासाठी एसटीने जात नाही. ती म्हणाली, "तू पयली." आणि मोर्शीच्या मामांकडून आलेली संत्री पिशवीत भरायला लागली, कारण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग ते घर फलकावरचं का असेना.

रविवारी सकाळी मी बसमध्ये होते. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात भाषण तयार करत होते. त्यात माफी कमी आणि फलकाच्या अडचणी जास्त होत्या. अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर ऑटोवाल्याला खूण सांगितली, रात्री मी पत्ता विचारल्यावर तिने लिहून पाठवलेली. कापडबाजाराच्या मागची गल्ली, दर्ग्याच्या अलीकडे. त्याने न विचारता नेऊन सोडलं.

दुकान एका खोलीचं. दोन शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले पांढरे कोट, कोपऱ्यात संगणक आणि त्यावर उरलेल्या पांढऱ्या कापडाचं झाकण, तेही नीट टीप मारून शिवलेलं. ती माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असेल. मला पाहून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी नियमवाल्या मॅडम ना?"

टोमणा नव्हता. तिने मला तसंच ओळखलं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. मी संत्र्यांची पिशवी पुढे केली आणि बसमधलं भाषण विसरले.

"फाइल उघडा," मी म्हणाले. "आपण पहिल्यापासून बघू."

"पहले पानी," आतून आवाज आला. लाकडी बैठकीवर तिचे वडील बसले होते. पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून ठेवलेले. पुढ्यात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. पाणी आलं, त्यावर चहा आला, चहाबरोबर टोस्ट आले. अमरावतीत ऊन किती आहे, आईची तब्येत कशी आहे, बसायला जागा मिळाली का, हे विचारून झालं. मी का आले हे अर्धा तास कुणी विचारलं नाही. मी घड्याळाकडे पाहत होते. सोमवार त्यांचा होता आणि घाई मला.

शेवटी ती म्हणाली, "आता सांगा ताई, काय करू?" मॅडमची ताई कधी झाले ते मला कळलं नाही.

"तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलंय ना, आधी मुलीला समोर उभं केलं. तिथून सुरू करा. एकही गोष्ट गाळू नका."

"आज पोरगी कुठून आणू? तुमीच उभ्या राहा."

मी उभी राहिले. तिने गळ्यातली फीत काढली. "श्वास सोडा. पोट आत नका घेऊ ताई, मले दिसून राहिलं." मी पोट सोडलं. फीत पाठीमागून फिरून पुढे आली, आणि दोन टोकं जुळवताना तिची बोटं फितीच्या आत, माझ्या बरगडीला टेकली. एक, दोन, तीन.

"हे काय?"

"काय?"

"बोटं."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मी तिला 'हे नाक काय?' असं विचारल्यासारखा तिचा चेहरा झाला. "बोटं तं राहतातच ना. ब्लाउजले एक, कुर्त्याले दोन. अ‍ॅप्रन कपड्यावरून घालतात म्हणून तीन."

"हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं?"

"त्यात काय लिहायचं ताई? फीत घेतली असं लिहिलं ना."

बैठकीवरून अब्बा म्हणाले, "बिना उंगली का नाप मुर्दे का होता है, बेटा. जिंदा आदमी साँस लेता है."

मी खुर्चीवर बसले. माझ्या सॉफ्टवेअरला अंगाचं कोरडं माप हवं होतं. श्वासाची जागा ते स्वतः देत होतं. ही बाई श्वासाची जागा बोटांनी आधीच देत होती. सगळी माहितीपुस्तिका मीच लिहिली होती आणि त्यात 'फीत अंगाला टेकवून माप घ्या' असं होतं. तिने ते शब्दकोश घेऊन वाचलं होतं. फीत टेकलेलीच होती की, तिच्या मते. अमरावतीत बसून शंभर फॉर्म भरून घेतले असते तरी ती तीन बोटं मला दिसली नसती. हाताच्या अंगवळणी पडलेली गोष्ट सांगावी असं कुणाच्या मनातच येत नाही.

मी अब्बांना समजावून सांगितलं. तुम्हीही श्वासाला जागा सोडता, संगणकही सोडतो.

"मतलब दो बार साँस?"

"हो."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "दो बार साँस लेनेवाला आदमी तो हमने भी नहीं देखा." मग गंभीर होऊन म्हणाले, लेकीने उंगली काढायची नाही, हाताची सवय मोडली की हात बिघडतो. संगणकाने आपला श्वास आवरावा. आवरायचा किती, तेही त्यांनीच सांगितलं. एकदा बोटं घालून मोज, एकदा न घालता मोज. मधलं अंतर ते तुझं बोट. जाड बोटाचा शिंपी वेगळा, बारीक बोटाचा वेगळा. मला हे सुचायला निदान आठवडा लागला असता, आणि मी त्याची एक समिती नेमली असती.

आम्ही माझ्याच मापाचा फर्मा काढला. कागद चिकटवून झाल्यावर मी पाहिलं, कापड ती शिलाईच्या साध्या कात्रीने कापत होती. मी त्या फडक्यातल्या गुंडाळीकडे पाहिलं, तर ती हलक्या आवाजात म्हणाली, "ते अब्बांची कैची. कोणाले देत नाहीत. त्यांच्या उस्तादानं त्यांना तीन वर्षं नुसते काज करू दिले, मंग हातात दिली. तशी रीतच आहे. आधी काज, मंग तुरपाई, मंग शिलाई. कैची शेवटी. माह्या वेळेपर्यंत आलीच नाही."

मला माझी ती कळ आठवली आणि लाज वाटली. मी तर काजही करू दिले नव्हते.

दुपारी तीनपर्यंत कोट उभा राहिला. मी अंगात घातला. खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर, हात वर केला तर काखेत ओढ नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी माझ्या अंगावर होतं. तिने मला गोल फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तोंडावर ओढणी धरून रडली. मी म्हणाले, "आवृत्ती तर बरोबर होती." त्यावर ती रडता रडता हसली.

बटणं लावायची राहिली होती. अब्बांनी विचारलं, "तू क्या सीती है, बेटा?"

"काही नाही. मला शिवता येत नाही."

मला वाटलं, आता हसतील. ज्या बाईचं सॉफ्टवेअर दुनिया वापरते तिला बटण लावता येत नाही, यावर मी तरी हसले असते, आणि वर एखादा परिच्छेद पाठवला असता. ते बैठकीवर सरकले आणि शेजारची जागा थापटली. "बैठ." सुई त्यांना ओवता येत नव्हती, ती लेकीने ओवून दिली. त्यांनी तोंडाने सांगितलं, मी केलं. दोनदा बोटाला टोचली. दोन्ही वेळा ते म्हणाले, "होता है." शेवटचं बटण मी लावलं. ते आजही तिरपं आहे.

सोमवारी एका मुलीचा कोट कॉलेजात दाखवला गेला. तिथल्या बाईंनी पाहिला, ठीक म्हणाल्या, पण पुढे विचारलं, एक बसला, चाळीस बसतील का? शपथेच्या दिवशी पाहू. म्हणजे टांगती तलवार तशीच राहिली. मला रोज विचारावंसं वाटायचं आणि मी विचारत नव्हते, कारण ती कापत असणार.

मधल्या दिवसांत मी सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना घातला: 'फितीत बोटं ठेवता का? किती?' खाली दोनदा मोजण्याची रीत, अब्बांनी सांगितली तशी. आमच्या मंडळींत त्यावर पाच दिवस वाद झाला. एक जण म्हणाला, हे शास्त्रीय नाही. मी त्याला लिहिलं की तू कधी शिंप्यासमोर उभा राहिलास का? त्याने हरकत मागे घेतली. बहुतेक तोही तयार कपडे घेत असावा. माझा स्वभाव बदलला असं कुणी समजू नये, फक्त तोंडाची दिशा बदलली. फॉर्म मात्र अर्ध्यावर आणला आणि मराठीत केला. फोनवर एक एक रकाना मी तिला वाचून दाखवायची आणि ती म्हणायची, "हे काऊन पायजे?" मला उत्तर देता आलं नाही की तो रकाना जायचा.

एका सकाळी फलकावर कुठल्याशा लांबच्या देशातून कुणीतरी लिहिलं: चुकीचं येतंय, मदत करा. बस, एवढंच. माझं बोट सवयीने त्या कळीवर गेलं. पाहते तर खाली उत्तर आधीच पडलेलं होतं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अकोल्याहून. बसा, पाणी प्या, मग सांगा. काय केलं ते सांगा, आणि करताना हात कुठे होता तेही सांगा.

मी कळीवरचा परिच्छेद पुसून टाकला. तिथे दुसरं काय बसवावं ते सुचलं नाही, म्हणून कळ मोकळीच ठेवली.

तिचा मूळचा प्रश्न मात्र फलकावर उघडाच होता. आमच्याकडे ज्याने विचारला त्यानेच प्रश्न बंद करायचा असतो. शेवटचं उत्तर भरून. तीन आठवडे तो तसाच दिसत होता आणि रोज सकाळी मी आधी तोच पाहत होते. आईही विचारायची, "झाली का शपथ?" जणू तिच्याच नातीची होती.

शपथेच्या दुसऱ्या दिवशी प्रश्न बंद झालेला दिसला. मी आईला हाक मारली आणि मोठ्याने वाचलं.

काय अपेक्षित होतं: "पोरी चांगल्या दिसतील."

प्रत्यक्षात काय झालं: "दिसल्या. चाळीसच्या चाळीस."

कोणतं साधन वापरलं: "अब्बांची कैची."

आवृत्ती क्रमांकाचा रकाना कोरा होता. मी विचारला नाही.